बाळाच्या मुठीतला पक्षी: मॅडोनाची चित्रं कशी वाचायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. युरोपच्या सहलीत संग्रहालयं पाहिलीत, आणि जिथे जाल तिथे मरिया आणि बाळ येशू, म्हणजेच 'मॅडोना'ची चित्रं. कुठे बाळाच्या मुठीत पक्षी, कुठे डाळिंब, कुठे गळ्यात लाल पोवळ्याची माळ. आई बहुतेक ठिकाणी उदास. जुन्या चित्रांतली बाळं तर चक्क टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यांसारखी. या सगळ्या खुणांचा अर्थ सांगणारा एखादा तक्ता आहे का, आणि पुढच्या खेपेला फ्लॉरेन्समध्ये दोनच दिवस मिळणार आहेत तर काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

तक्ता मिळतो. सफरचंद म्हणजे आदम आणि हव्वेचं पाप, लिली म्हणजे कौमार्य, द्राक्षं म्हणजे येशूचं रक्त, डाळिंब म्हणजे पुनरुत्थान, गोल्डफिंच म्हणजे क्रूसावरच्या यातना. मी कला महाविद्यालयात युरोपीय कलेचा इतिहास शिकवते. माझे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री ही यादी घोकतात आणि त्यांना मार्कही मिळतात. पण यादी पाठ असलेला माणूस चित्रासमोर आला की त्याची नजर फक्त वस्तू हुडकते. वस्तू सापडली की 'कळलं' म्हणून तो पुढे सरकतो. माझं सांगणं असं, की वस्तू ओळखून झाली की खरं बघणं सुरू करा. ती वस्तू कोण कोणाला देतंय? कोण ती ओढून घेतंय? कोणाचं लक्ष तिच्यावर आहे आणि कोण मुद्दाम दुसरीकडे बघतंय? या चित्रांचा अर्थ बराचसा त्या देण्याघेण्यात असतो.

हे काही आजच्या प्राध्यापकांनी काढलेलं खूळ नाही. त्या काळचे जाणकार असंच बघायचे याचा लेखी पुरावा आहे. इटलीतल्या मांतुआ संस्थानाच्या अधिपतीची पत्नी इझाबेला देस्ते हिला लिओनार्दोकडून एक चित्र हवं होतं आणि तो काही दाद देत नव्हता. एप्रिल १५०१ मध्ये पिएत्रो दा नोव्हेल्लारा नावाच्या, कार्मेलाइट पंथाच्या संन्याशाने फ्लॉरेन्सहून तिला दोन पत्रं लिहिली. पहिल्यात लिओनार्दोच्या एका मोठ्या रेखाटनाचं वर्णन आहे. साधारण वर्षाचं बाळ आईच्या हातून निसटून कोकराला पकडू पाहतंय. आई आपल्या आईच्या, म्हणजे संत आन्नाच्या, मांडीवरून उठू बघते, बाळाला कोकरापासून दूर घ्यायला. आन्ना मात्र मुलीला आवरताना दिसते. कोकरू हा बळी द्यायचा प्राणी, म्हणजे येशूच्या यातना, हे नोव्हेल्लारा सांगतोच. पण पुढे तो म्हणतो की आन्ना बहुधा ख्रिस्तसभेचं, म्हणजे चर्च या संस्थेचं, रूप असावी, आणि त्या यातना टळू नयेत अशी तिची इच्छा असावी. म्हणजे आई वाचवायला धावते, आजी तिला थांबवते आणि नातू स्वतःच मृत्यूकडे हात पसरतो. तीन पिढ्यांचा अख्खा धर्मविचार या ओढाताणीत आहे. नुसतं 'कोकरू म्हणजे बळी' एवढं लिहून ठेवलं तर यातलं काय हाती लागतं?

दुसरं पत्र मला आणखी आवडतं. त्यात एका छोट्या चित्राची हकिगत आहे. मरिया सूत गुंडाळायला बसली आहे, बाळाने सूत गुंडाळायची काठी पकडली आहे. त्या काठीला आडव्या दांड्या असल्यामुळे तिचा आकार क्रूसासारखा. बाळ त्या आकाराकडे टक लावून बघतं, हसतं आणि घट्ट धरून ठेवतं. आई घ्यायला गेली तरी सोडत नाही. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांना हा प्रसंग नवा नाही. हातातली वस्तू काढून घ्यायला गेलं की मूल ती आणखी आवळतं. लिओनार्दोने घरातलं हे रोजचं दृश्य उचललं आणि त्यावरच सगळा भार ठेवला. चित्र बघणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात: हट्टी बाळ, आणि आपलं मरण आपणहून स्वीकारणारा देव. पहिली गोष्ट खरी वाटली नाही तर दुसरी नुसतं प्रवचन होऊन बसते. या चित्राच्या ज्या दोन महत्त्वाच्या प्रती आज ओळखल्या जातात, त्यातली एक २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्यातून चोरीला गेली होती आणि २००७ मध्ये परत मिळाली.

आता पक्ष्याकडे येऊ. गोल्डफिंच हा युरोपातला चिमणीएवढा पक्षी. तोंड लालभडक, पंखावर पिवळा पट्टा, आवडतं खाणं काटेरी झुडपांच्या बिया. लाल तोंड आणि काटे या दोन गोष्टींवरून दंतकथा तयार झाली, की क्रूसाकडे जाणाऱ्या येशूच्या डोक्यातला काटा या पक्ष्याने चोचीने उपसला आणि रक्ताचा थेंब त्याच्या तोंडावर उडाला. हर्बर्ट फ्रीडमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने १९४६ मध्ये अशी ४८६ चित्रं मोजून दाखवली ज्यांत हा पक्षी आहे. एवढ्या चित्रकारांना एकच दंतकथा सुचली असं नाही. हा पक्षी इटलीतल्या मुलांचा पाळीव पक्षी होता, पायाला दोरी बांधून मुलं त्याच्याशी खेळायची. शिवाय तो रोगराईपासून, विशेषतः प्लेगपासून, राखतो अशीही समजूत होती. खेळणं, राखण आणि काटा हे तिन्ही एकाच पक्ष्यात आल्यावर चित्रकार तो सोडतील कशाला?

पण एकच पक्षी दोन कलाकारांच्या हाती काय होतो ते बघा. राफाएलने साधारण १५०५-०६ मध्ये लोरेंझो नाझी नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याच्या लग्नासाठी 'गोल्डफिंचवाली मॅडोना' रंगवली. येशूचा नातलग छोटा योहान बाप्तिस्ता कौतुकाने दोन्ही हातांत पक्षी धरून दाखवतोय. बाळ येशू आईच्या गुडघ्यांमध्ये उभा, एक पाऊल आईच्या पावलावर, आणि त्याचा हात पक्ष्याच्या डोक्यावर हलकेच. गोंजारण्यात आणि आशीर्वाद देण्यात फरक राहत नाही. आई वाचता वाचता पुस्तकातून नजर काढून मुलांकडे बघते.

त्याच शहरात, जवळपास त्याच वर्षी मायकेलअँजेलो ताद्देई घराण्यासाठी संगमरवरात एक गोल शिल्प कोरत होता. ते आता लंडनच्या रॉयल अकॅडमीत आहे. तिथेही योहान पक्षी पुढे करतो, बहुधा गोल्डफिंचच. पक्षी फडफडतो. बाळ येशू दचकतो, अंग चोरून आईच्या मांडीवर झेप घेतो आणि मान वळवून मागे बघतो. तेच मूल, तोच पक्षी, अर्थाच्या तक्त्यात दोन्ही एकाच ओळीत. एका ठिकाणी स्वीकार, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या पोराला वाटणारी साधी भीती. मला विचाराल तर मायकेलअँजेलोचं बाळ जास्त धाडसी आहे, धर्माच्या दृष्टीनेही. देव खरोखर माणूस झाला असेल तर तो घाबरणारच. राफाएल ताद्देईच्या घरी जात येत होता आणि त्याने हे शिल्प बघून रेखाटनं केली, तरी स्वतःच्या चित्रात त्याने ती भीती घेतली नाही.

जाता जाता: लोरेंझो नाझीचं घर १५४७ मध्ये डोंगराची दरड कोसळून पडलं आणि राफाएलच्या चित्राचे तुकडे झाले. ते जोडून पुन्हा रंगवलं गेलं. अलीकडे फ्लॉरेन्सच्या सरकारी जीर्णोद्धार संस्थेने दहा वर्षं खपून ते पुन्हा स्वच्छ केलं आणि २००८ मध्ये लोकांसमोर आणलं. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात ते बघताना लाकडाचे सांधे शोधू नका, जवळजवळ दिसत नाहीत.

फळांबद्दल लवकर सांगते, कारण त्यात तक्त्याच्या पलीकडे फार थोडं आहे. सफरचंद बाळाच्या हातात आलं की तो नवा आदम आणि ती नवी हव्वा. चेरी म्हणजे स्वर्गातलं फळ. डाळिंबाला जास्त थर आहेत: फुटलेल्या सालीतले लाल दाणे म्हणजे रक्त, एका सालीत असंख्य दाणे म्हणजे एका ख्रिस्तसभेत असंख्य माणसं, आणि त्याआधी ग्रीक कथेतली पर्सेफनी, जी डाळिंबाचे दाणे खाऊन पाताळात अडकते आणि वसंतात परत येते. बोत्तिचेल्लीच्या दोन प्रसिद्ध गोल चित्रांत डाळिंब आहे. 'मॅग्निफिकात' नावाच्या चित्रात आई आणि बाळ दोघांचा हात एकाच फळावर आहे, तेवढं नीट बघा.

द्राक्षांसाठी मात्र मासाच्चोपाशी थांबावंच लागेल. १४२६ मध्ये त्याने पिसाच्या कार्मेलाइट चर्चसाठी एक मोठं वेदीचित्र, म्हणजे वेदीवर ठेवायचं चित्र, केलं. पुढे त्याचे भाग सुटे होऊन जगभर विखुरले. मधला भाग लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बाळ आईच्या हातातली द्राक्षं खातंय आणि खाता खाता दोन बोटं तोंडात घालून चोखतंय. चेहऱ्यावर आंबट चव लागल्यासारखा भाव. त्याच्या डोक्यामागचं तेजोवलय सपाट थाळीसारखं लावलेलं नाही, ते अवकाशात तिरकं धरलेलं आहे, लंबगोल दिसतं. आता हे चित्र संग्रहालयातून काढून मनातल्या मनात वेदीवर ठेवा. खाली पुरोहित मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करतोय, द्राक्षारसाचा प्याला उचलतोय आणि हे येशूचं रक्त आहे असं म्हणतोय. त्याच्या डोक्यावर बाळ द्राक्षं चाखतंय. हा मेळ चर्चमध्ये उभ्या असलेल्या अडाणी शेतकऱ्यालाही कोणी समजावून सांगावा लागला नसेल. संग्रहालयाने या चित्रांची पंचाईत केली ती इथे: खालची वेदी गेली आणि अर्ध वाक्य तिच्याबरोबर गेलं.

सगळीच चित्रं चर्चसाठी नव्हती. बरीच घरांसाठी होती, शयनगृहात पलंगाजवळ टांगायची. जोव्हान्नी दोमिनिची नावाच्या, डोमिनिकन पंथाच्या संन्याशाने १५ व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या एका घरंदाज बाईसाठी मुलं कशी वाढवावीत यावर लिहिलं. त्यात तो म्हणतो की घरात पवित्र मुलांची चित्रं ठेवा, मरियेच्या कडेवरचं बाळ ठेवा, त्याच्या मुठीत पाखरू किंवा डाळिंब असू द्या, म्हणजे घरातली मुलं त्याच्यात स्वतःला पाहतील. पाखरू धर्मपंडितांसाठी होतं तितकंच घरातल्या लेकरांसाठीही होतं. योहान बाप्तिस्ता इतक्या चित्रांत का घुसतो याचंही उत्तर असंच घरगुती आणि स्थानिक आहे: तो फ्लॉरेन्स शहराचा पालक संत. शिवाय दोन मुलं आली की खेळ रंगवता येतो.

पोवळ्याची माळ. हे तुम्हाला सांगायची गरज पडू नये. आपण बाळाला तीट लावतो, मनगटात काळे मणी घालतो, तसंच इटलीत बाळाच्या गळ्यात पोवळं घालायचे, दृष्ट लागू नये म्हणून. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या मिलानमधल्या वेदीचित्रात आणि उर्बिनोमधल्या 'सेनिगाल्लियाच्या मॅडोना'त बाळाच्या गळ्यात ते स्पष्ट आहे. ज्या बाळाला पुढे जाऊन मरायचंच आहे त्यालाही आई दृष्टीपासून जपते, यातली विसंगती पिएरोला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पोवळं लाल, फांद्या रक्तवाहिन्यांसारख्या, म्हणून त्यातही रक्ताची खूण वाचली जायची. याच भूमध्य समुद्रातलं पोवळं १७ व्या आणि १८ व्या शतकांत लिव्होर्नोच्या व्यापाऱ्यांमार्फत गोव्यापर्यंत यायचं आणि त्याच्या मोबदल्यात इथले हिरे तिकडे जायचे.

आता आईची उदासी. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो आणि मरियेला सांगतो की तुझ्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत आहे. चित्रकारांनी हे ठाऊक असणं तिच्या डोळ्यांत ठेवलं. पण व्हेनिसचा जोव्हान्नी बेल्लिनी यापेक्षा पुढे गेला. त्याची 'कुरणातली मॅडोना' लंडनमध्ये आहे, साधारण १५०० ते १५०५ मधली. आई जमिनीवर बसली आहे, हात जोडलेले, बाळ मांडीवर आडवं झोपलंय, एक हात बाजूला लोंबतो. ही झोप आहे की दुसरं काही? क्रूसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर, हे 'पिएता'चं दृश्य इटलीत सगळ्यांच्या परिचयाचं होतं, आणि बेल्लिनीने झोपलेल्या बाळाचा देह त्याच पद्धतीने मांडला आहे. मागे शेतं, गुरं, दूरचं गाव, सगळं रोजचं. फक्त निष्पर्ण झाडावर एक काळा पक्षी बसलाय आणि खाली एक पांढरा पक्षी सापाशी झुंजतोय. हे तपशील आधी शोधू नका. आधी मांडीवरच्या त्या देहाकडे बघा, मग झाडाकडे नजर आपोआप जाते.

अर्थात प्रत्येक आई उदास नसते. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये लिओनार्दोचं तरुणपणीचं एक चित्र आहे, 'बेनुआ मॅडोना' म्हणतात. आई जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची दिसते आणि चक्क हसते. बाळाला तिने एक फूल दिलंय, चार पाकळ्यांचं, म्हणजे पुन्हा क्रूस. बाळ दोन्ही हातांनी ते पकडून इतकं गंभीर होऊन निरखतंय की हसू येतं. इथे कळतंय ते बाळाला, आईला काहीच पत्ता नाही.

निळ्या रंगाबद्दल एक तक्रार नोंदवते. 'मरियेचा निळा झगा म्हणजे स्वर्ग आणि पावित्र्य' हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि चूकही नाही. पण तो निळा आधी पैसा आहे. खरा निळा लाजवर्द नावाच्या दगडापासून बनायचा आणि लाजवर्द यायचं अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. १४८५ मध्ये दोमेनिको गिर्लांदायोने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी 'ज्ञानी पुरुषांचं वंदन' रंगवायचा करार केला. त्यात लिहिलंय की निळा रंग साधारण औंसाला चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) या भावाचा लाजवर्दीच हवा. हा असा भावाचा आकडा करारात घालायला लागतो, कारण अझुराइट या दुसऱ्या खनिजाचा स्वस्त निळा लावून चित्रकार फरक खिशात घालू शकत होता. सगळ्यात महाग रंग सगळ्यात मोठ्या व्यक्तीच्या अंगावर, एवढा सरळ हिशोब. आणि मरियेचा झगा काळपट किंवा हिरवट दिसला तर त्यात शोक शोधू नका. बहुतेक वेळा ते जुनं वार्निश असतं किंवा बिघडलेला रंग.

म्हाताऱ्यासारखी बाळं. फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या सुरुवातीच्या चित्रकारांसमोर नमुना होता तो बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, मूर्तिचित्रांचा. त्यांत बाळाला बाळ दाखवायचंच नव्हतं. तो अनादि देव, आकार लहान एवढंच. उंच कपाळ, मोठ्या माणसाचा झगा, हातात गुंडाळलेला ग्रंथ, आशीर्वादाची मुद्रा. चित्रकारांना मुलं काढता येत नव्हती हा गैरसमज आहे. बदल कसा सुरू झाला ते दुच्चोच्या एका चिमुकल्या चित्रात दिसतं. १३०० च्या आसपासचं, ए-फोर कागदाएवढं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००४ मध्ये मोठी रक्कम मोजून घेतलं. बाळ अजूनही थोडं म्हातारंच आहे, पण हात वर करून आईच्या चेहऱ्यावरचा पदर बाजूला सारतंय, तिचा चेहरा बघायला. चौकटीच्या खालच्या कडेला मेणबत्तीने जळाल्याचे डाग आहेत. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं यासमोर दिवा लावून बसत होतं. मला ते डाग कुठल्याही फळाइतकेच बोलके वाटतात.

तिथून पुढच्या दोनशे वर्षांत बाळाचा झगा हळूहळू उतरतो आणि ते पूर्ण उघडं होतं. कला-इतिहासकार लिओ स्टाइनबर्ग यांनी १९८३ मध्ये ठासून मांडलं की ही नग्नता निव्वळ वास्तवदर्शन नाही. देवाने खरोखर मानवी देह, पुरुषाचा देह धारण केला याचा तो पुरावा आहे, आणि म्हणूनच काही चित्रांत आई स्वतः तो देह दाखवते. त्यांच्याशी वाद घालणारेही बरेच आहेत. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चित्रांतला कामुकपणा टाळा असं बजावल्यावर हा मोकळेपणा आटत गेला, दूध पाजणाऱ्या मरियेची चित्रंही कमी झाली.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी, कारण उत्साही वाचक सगळ्यातच प्रतीक बघायला लागतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत रोबेर कांपँ या नेदरलँड्सच्या चित्रकाराच्या शैलीतलं एक सुंदर चित्र आहे. घरातली बैठकीची खोली, मरिया दूध पाजतेय, तिच्या डोक्यामागे शेकोटीपुढे ठेवायची विणलेली गोल जाळी. तीच तिचं तेजोवलय होते; ही कल्पना अप्रतिम आणि मूळ चित्रकाराचीच. उजवीकडे कपाटावर एक प्याला आहे. मिस्साचा प्याला, म्हणजे येशूचं रक्त, असं लगेच वाटतं. पण चित्राची ती उजवीकडची पट्टी १९ व्या शतकात जोडलेली आहे. तेव्हा खुणेचा अर्थ लावण्याआधी ती खूण मुळातली आहे का ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वाचा. मोठी संग्रहालयं अशी माहिती लपवत नाहीत.

दुसरी गोष्ट पिएरोचं ते मिलानमधलं वेदीचित्र, ज्यात मरियेच्या डोक्यावर शिंपल्यातून दोरीने एक अंडं टांगलेलं आहे. या अंड्यावर जितकी शाई सांडली तितकी क्वचितच कशावर सांडली असेल. जन्म, पुनरुत्थान, कौमार्य, ग्रीक पुराणातली लेडा, काय वाटेल ते. समोर चिलखत घालून गुडघे टेकलेला आहे तो उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो. त्याची बायको बत्तिस्ता १४७२ मध्ये, मुलगा झाल्यावर काही महिन्यांनी वारली. चित्र त्याच सुमाराचं. समोरची बाजू, जिथे दात्याची, म्हणजे चित्र करवून घेणाऱ्याची, पत्नी असायला हवी, मोकळी आहे. माझं मत: अंडं बहुधा शहामृगाचं आहे, तशी अंडी तेव्हा चर्चमध्ये खरोखर टांगलेली असायची, आणि पाहणाऱ्याला त्यात फार नवल वाटलं नसेल. त्या मोकळ्या जागेत आणि मांडीवर निपचित झोपलेल्या बाळात जास्त सांगितलंय.

उलट बाजूला कार्लो क्रिव्हेल्ली, ज्याला काहीच साधं टांगता येत नाही. त्याच्या मॅडोनाभोवती सफरचंदं आणि काकड्या लोंबतात, तंतोतंत रंगवलेल्या, काकडीवरचे कंगोरेसुद्धा. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या १४८० च्या सुमाराच्या चित्रात कठड्यावर एक माशी बसली आहे, आणि बाळ गोल्डफिंच छातीशी आवळून तिच्याकडे संशयाने बघतंय. सफरचंद आणि माशी पापाच्या बाजूला, काकडी आणि पक्षी तारणाच्या, असं संग्रहालय सांगतं. काकडीचा धागा कोणी बायबलमधल्या योनाच्या गोष्टीतल्या वेलीशी जोडतात, कोणी यशयाच्या वचनातल्या काकडीच्या मळ्याशी. इतर चित्रकारांकडे ती फारशी सापडत नाही, त्यामुळे मला ती क्रिव्हेल्लीची सहीच वाटते.

मासाच्चोपाशी आलेला मूळ जागेचा मुद्दा राफाएलच्या 'सिस्टाइन मॅडोना'लाही लागू पडतो. खालच्या कडेला कोपर टेकून वर बघणारे दोन पंखवाले छोकरे तुम्ही चॉकलेटच्या डब्यावर नाहीतर वहीच्या कव्हरवर पाहिलेच असतील. १५१२ मध्ये पोप दुसऱ्या जूलियसने पिआचेन्झाच्या सान सिस्तो चर्चसाठी ते करवून घेतलं, १७५४ मध्ये ते जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलं आणि आता तिथेच आहे. आई आणि बाळ दोघांच्या डोळ्यांत धास्ती का, याचं काही अभ्यासकांनी दिलेलं उत्तर मला पटतं: मूळ चर्चमध्ये त्यांच्यासमोर, दुसऱ्या टोकाला, क्रूसावरचा येशू होता. दोघं तिकडे बघताहेत.

हीच प्रतिमा आपल्याकडेही आली. १५८० मध्ये गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबरासाठी रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या मरियेच्या चित्राची नक्कल नेली होती, आणि मुघल चित्रकारांनी मग स्वतःच्या मॅडोना काढल्या. विसाव्या शतकात गोव्याचे आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवत होते. त्यांच्या कामाचा मोठा साठा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फ्लॉरेन्सआधी गोव्याला जाणं झालं तर तो बघून घ्या.

फ्लॉरेन्सचे दोन दिवस. पहिल्या सकाळी उफीझी उघडताच जा आणि चिमाबुए, दुच्चो, जोत्तो यांची सिंहासनावरची तीन प्रचंड मरिया-चित्रं एकाच दालनात आहेत तिथे वेळ द्या. गुडघे कोणाचे कपड्याखालून जाणवतात ते बघा, जोत्तोचे जाणवतात. मग फिलिप्पो लिप्पीची मॅडोना, बोत्तिचेल्लीची गोल चित्रं, राफाएलचा गोल्डफिंच आणि मायकेलअँजेलोचं दोनी घराण्याचं गोल चित्र. बाकी दालनं सोडली तरी चालतील. दुसऱ्या दिवशी गिर्लांदायोचं 'वंदन' बघायला अनाथालयाच्या संग्रहालयात जा, स्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती नावाने विचारा. तिथे गर्दी कमी असते. चित्रात पुढे गुडघे टेकलेली दोन जखमी लहान मुलं दिसतील, येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने मारलेल्या बाळांपैकी. टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थेने आपल्या वेदीसाठी ती मुद्दाम मागितली असणार.